वाघिणीला रस्ताच सोडला नाही. सफारीला जाणं बंद करावं का?

वर्गशिक्षिका
एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सासू-सासरे, नवरा, दोन मुलं असे आम्ही सहा जण विदर्भातल्या एका जंगलात सफारीला गेलो होतो. कुठलं जंगल, कुठलं गेट ते लिहीत नाही. ड्रायव्हरची रोजी जायला नको.

साडेआठच्या सुमारास पाणवठ्याजवळ पोचलो तर लग्नाच्या हॉलबाहेर लागतात तशा गाड्या लागलेल्या. मोजायची सवयच आहे, चौदा भरल्या. वाघीण पाण्यात बसलेली, नुसती मान वर. थोड्या वेळानं उठली आणि रस्त्याकडे यायला लागली. पलीकडच्या बांबूत बच्चे आहेत असं गाईड कुजबुजला. तेवढ्यात 'हेड ऑन', म्हणजे अगदी समोरून, फोटो मिळावा म्हणून दोन जिप्सी रिव्हर्स घेत थेट तिच्या वाटेत. ती थांबली. डावीकडे वळली, तिथंही गाडी. शेवटी परत पाण्यात जाऊन बसली. त्या चौदांत आमचीही होती, ते नाकारत नाही.

सासरे एसटीत कंडक्टर होते. ते एवढंच म्हणाले, "स्टँडवर म्हैस शिरली तरी आमचा ड्रायव्हर गाडी मागं घ्यायचा."

गाड्यांची संख्या ठरलेली, बुकिंग ऑनलाईन, मोबाईल गेटवर जमा. मग असं होतं कसं? आणि आपण जाणंच थांबवलं तर वाघाचं भलं होईल का? फोटो टाकणार नाही, मागू नका.

कट्टाकाका
जाऊ नका, सोपं आहे. टीव्ही लावा, पंख्याखाली बसा. वाघिणीला शांतता, आम्हालाही.

पाटीपेन्सिल
काका, टोमणे नकोत. हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन बंदच केलं होतं. १६ ऑक्टोबरला बंदी उठली ती नियमांसकट. त्यातला मोठा नियम असा की गाभ्याचा फार तर २० टक्के भाग पर्यटकांसाठी. ताडोबाचा गाभा साधारण ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे १२५ च्या आत. कागदावर गाड्या या १२५ मध्ये पसरतात. जंगलात मात्र समोरून येणारा ड्रायव्हर दोन बोटं हलवतो आणि सगळ्या एका पाणवठ्यावर गोळा होतात.

उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यातलं आठवतंय ना? ३१ डिसेंबर २०२४. एफ-२ वाघीण, बरोबर पाच बच्चे, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशीही गाड्या रीतसर बुकिंगच्याच होत्या.

बफरचा गाईड
ताई, मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावचा. गाईड म्हणून बारावं वर्ष. तुमच्या चौदा गाड्यांत मीही असू शकलो असतो जी, म्हणून लिहितो.

गेटवर आमचे नंबर पाळीनं लागतात, कोणती गाडी वाट्याला येईल ते आपल्या हातात नाही. पाहुणे बसल्या-बसल्या पहिला प्रश्न, "काल दिसला का?" नाव नाही विचारत बाप्पा. पुढं सांबराचा कॉल आला, म्हणजे वाघाची चाहूल लागून ते ओरडलं, की मी गाडी बंद करायला लावतो. चितळ भित्रं, पानाला घाबरूनही ओरडतं, पण सांबर उगाच ओरडत नाही. पाच-दहा मिनिटं गप बसलं तर वाघ कुठल्या बाजूनं निघेल त्याचा अंदाज येतो. पण दुसऱ्याच मिनिटाला मागून खांद्यावर बोट, "ते सगळे तिकडं पळाले, आपण का थांबलो?" ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं पाहतो. गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर. वाघ दिसला तर हातात पाचशेची नोट, नाही दिसला तर थँक यू. जनावरापासून २० मीटर लांब राहायचं हे आम्हाला तोंडपाठ आहे.

आता येणं बंद करायचं म्हणता, तर २०१२ ला माझे बाबा गाईड होते. पावसाळ्यात गेट तसंही बंद असतं, पण पुढं उघडलंच नाही तर? घरात दुसरा विषय नव्हता. आंध्रात मिरची तोडायला जायचं ठरलं होतं, सामानही बांधून झालं होतं. बंदी उठली आणि ते सोडलं.

माझ्या मामाचं गाव जामणी. गाभ्यातून उठवलं. जिथं लहानपणी मी बैलांना पाणी पाजलं तिथं आता कुरण आहे, चितळं आहेत, नि चितळांमागं येणारा वाघ पाहायला गाड्या येतात. मामाची विहीर कुठं होती ते एकदा पाहुण्यांना सांगितलं. म्हणाले, "हो का? पण वाघ इथं येतो का?" तेव्हापासून सांगत नाही. ताडोबा तलावाच्या काठी तारूदेव आहे, वाघाशी लढून मेलेला आमच्या गोंडांचा गावप्रमुख. ताडोबा हे नावच त्याचं. पौषात तिथं जत्रा भरायची. गर्दीचा विषय निघाला की मला ती आठवते. बैलगाड्या आधी कमी झाल्या, जिप्सी नंतर वाढल्या.

अजून एक. वाघाला गेट नाही. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, नि तुमच्या सुट्ट्याही तेव्हाच. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गेटजवळच्या गावाला जिप्सी आहे, होमस्टे आहे, रिसॉर्टात काम आहे. तिथून सहा किलोमीटरवरच्या गावाला नुसता वाघ. गर्दी कमी करा म्हणणारे याचा हिशेब धरत नाहीत, नि गर्दी वाढवा म्हणणारेही नाही.

म्हणून माझं म्हणणं, या. पण शनिवार-रविवार टाळा. ज्या गेटचं नाव रीलमध्ये ऐकलं नाही अशा बफरच्या गेटनं या. नि टिप द्यायची असेल तर गाडीत बसतानाच देऊन टाका, वर ड्रायव्हरला सांगा, दुसऱ्यांच्या मागं पळायचं नाही. मागच्या डिसेंबरात नागपूरच्या एका बाईंनी असंच केलं. वाघ दिसला नाही. तळ्यावर रानकुत्र्यांची टोळी पाणी प्यायला आली, सात होती, अर्धा तास आमची एकटीच गाडी. ड्रायव्हरनं माझ्याकडून दुर्बीण मागून घेतली. इतकी वर्षं जंगलात गाडी चालवतो, पण रानकुत्रं त्यानं कधी थांबून पाहिलं नव्हतं.

पाटीपेन्सिल
टिप आधी देणारे शंभरात दोन निघतील. त्यापेक्षा पाणवठ्यावर एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी मागं थांबायचं. असा नियम का नको?

बफरचा गाईड
करा ना जी. सहाव्या गाडीतले साहेब ओळखी सांगू लागले की त्यांना गाईडनं थांबवायचं का? माझी पाळी उद्याही त्याच गेटवर आहे. तिथं वर्दीतला माणूस उभा करा, मग पाच काय, तीन गाड्याही चालतील.

कट्टाकाका
टीव्हीचं मागं घेतो. बफरच्या गेटांची यादी कुठं मिळेल?

बफरचा गाईड
बुकिंगच्या साईटवरच आहे काका. पानाच्या तळाशी जा, वरच्या गेटांवर सगळे आधीच तुटून पडलेले असतात.

वर्गशिक्षिका
दादा, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणतात वाघ बघून झाला, आता मोह पडताना बघायचाय. पुढच्या वर्षी कधी यावं?

बफरचा गाईड
मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही. पहाटे अंधारातच टपटप ऐकू येतं. माझी आई चार-पाच जणींबरोबर जाते, तिच्यासोबत चला, एकट्यानं झाडाखाली वाकायचं नाही. सासरे कंडक्टर होते म्हणता, तर आवाज मोठा असेल. बरंच आहे, आम्ही तिथं मुद्दाम ओरडत ओरडतच जातो.