लाँगजिंग चहा कडू का होतोय?

गोदाकाठचा: भावाने चीनहून लाँगजिंगचं पाकीट आणलंय, पानं चपटी, वास भाजलेल्या हरभऱ्यासारखा. पण आपल्या चहासारखं खळखळ उकळलं तर कडूजहर! दूध घातलं तर आईने सरळ बेसिनमध्ये ओतलं. काय चुकतंय?

सिडकोवाली: अरे देवा, दूध?? हा हांगचौकडचा, चच्यांग प्रांतातला ग्रीन टी, कढईत हाताने दाबत दाबत भाजतात म्हणून पानं चपटी. उकळायचा नाहीच, पाणी ८० डिग्रीच्या आसपास, काचेच्या ग्लासात ३ ग्रॅम टाक, दोन मिनिटं थांब आणि पानं हळूहळू खाली बसतात ते बघत बस. तीच पानं अजून दोन-तीनदा चालतात, फेकू नको.

पंचवटीकर: कडकच प्यायचा असेल तर चीनच्याच युन्नान प्रांतातला मुरवलेला पुअर चहा घे ना, मातकट वास, मिसळीनंतर तर एकदम भारी. त्याला उकळतं पाणीच लागतं. फूच्येन प्रांतातल्या आन्शीचा थिएक्वानयिन ऊलाँगपण (ग्रीन आणि काळ्या चहाच्या मधला, अर्धवट मुरवलेला) छान, फुलांसारखा वास येतो.

गोदाकाठचा: ८० डिग्री मोजू कसं, घरी थर्मामीटर तापाचाच आहे 😅

सिडकोवाली: उकळ आणि झाकण काढून चार-पाच मिनिटं ठेव, बास.