मदत हवी आहे: वाळू चिखलापेक्षा जास्त प्रदूषित कशी?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी खाडीच्या गाळातले जड धातू मोजतोय. आकडे हाती आले आणि डोक्याचा पार भुगा झाला.

दोन टोकाचे नमुने देतो. आतला काळा, कुजक्या अंड्यांचा वास मारणारा चिखल: जस्त १३८ मिग्रॅ/किलो, ॲल्युमिनियम ३.८ टक्के. मुखाजवळची, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू: जस्त ४१, ॲल्युमिनियम ०.६ टक्के. दोन्ही कोरड्या वजनावर.

नुसतं जस्त पाहिलं तर चिखल तिपटीहून वाईट. पण बारीक कणांना धातू जास्त चिकटतात, म्हणून ॲल्युमिनियमने भागून एनरिचमेंट फॅक्टर (पार्श्वभूमीच्या किती पट धातू आहे ते) काढला. पार्श्वभूमीला तुरेकियन-वेडेपोल यांच्या १९६१च्या तक्त्यातला सरासरी शेल (चिखलापासून बनलेला खडक) घेतला (जस्त ९५, ॲल्युमिनियम ८ टक्के). चिखलाचा फॅक्टर आला ३.१ आणि वाळूचा ५.८! म्युलरचा जिओॲक्युम्युलेशन इंडेक्स (ॲल्युमिनियमने न भागता थेट पार्श्वभूमीशी तुलना) मात्र दोन्हीकडे शून्याखाली, म्हणजे प्रदूषण नाही.

गाइड म्हणतात, ५.८ चांगला दिसतो, घाल रिपोर्टमध्ये. मला ते पचत नाहीये. डायजेशन (नमुना ॲसिडात विरघळवणं) ॲक्वा रेजियात, म्हणजे नायट्रिक-हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात केलं, चाळणी फक्त २ मिमीची लावली. चूक तिथेच आहे का? सिलिकेट खनिजंही फोडणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड आमच्या लॅबमध्ये वापरू देत नाहीत (बरंच आहे म्हणा).

प्रतिसाद:
चाळणी हे अर्धंच कारण. ॲक्वा रेजिया सिलिकेट पूर्ण फोडत नाही. जस्त बरंचसं सुटून येतं, पण फेल्डस्पारसारख्या सिलिकेट खनिजांमधलं ॲल्युमिनियम मागे राहतं. शेलचा आकडा मात्र एकूण ॲल्युमिनियमचा. तुमचा छेद खोटाच लहान झाला, म्हणून दोन्ही फॅक्टर फुगले, वाळूचा जास्त. डायजेशननंतर तळाला पांढरट कण उरले होते का?

धागाकर्ता:
होते! वाळूत तर चमचाभर. क्वार्ट्झ समजून फिल्टर पेपरसकट टाकून दिले.

प्रतिसाद:
क्वार्ट्झ असणारच, पण एकटं नाही. आता डायजेस्ट न केलेला शिल्लक गाळ नायलॉनच्या जाळीतून ६३ मायक्रॉनखाली ओलाच चाळा. सोबत प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत असतं) चालवा, म्हणजे ॲल्युमिनियम किती टक्के हाती लागतंय ते कळेल. आणि शेल सोडा. कोअर (नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना) असेल तर त्याचा तळाचा थर त्याच ॲसिडात, त्याच वेळात डायजेस्ट करा, ती तुमची पार्श्वभूमी.

त्या वासाबद्दलही लिहा. सल्फाइड आहे, चिखलातलं बरंच जस्त त्यानेच धरून ठेवलेलं असतं. चिखल हवेत उघडा पडला की सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि जस्त सुटायला लागतं. त्यामुळे नुसत्या एकूण जस्तावरून तळाच्या किड्यांना किती बाधेल ते ठरवू नका.

धागाकर्ता:
४५ सेमीचा एक कोअर फ्रीजरमध्ये पडून आहे! पण तळ कारखान्यांआधीचा आहे हे कशावरून ठरवू?

प्रतिसाद:
शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) मोजून घ्या. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे शंभरेक वर्षं मागे जाता येतं. तळाशी जादा (हवेतून येऊन साठलेलं) शिसे-२१० उरलंच नसेल, तर तो थर बहुधा त्याहून जुना. फक्त कोअर वितळण्याआधी कापा, नाहीतर थर एकमेकांत मिसळतील.