जुनी लिफ्ट, नवे नियम: अख्खी बदलायची की आधी दरवाजे आणि ब्रेक?

पिट ते मशीनरूम:
तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींत सध्या हा वाद जोरात आहे. १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा जाऊन महाराष्ट्रात लिफ्ट, सरकते जिने आणि सरकत्या मार्गांसाठी २०१७ चा कायदा आला. त्यानंतर आयएस १७९०० हे नवं भारतीय मानक आलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवून विक्रेते सांगतात, "तुमची लिफ्ट आता बसत नाही, नवीच घ्या." सोसायटीचे सभासद घाबरतात आणि सह्या करतात.

माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा आहे. नवं मानक मुळात नव्या लिफ्टसाठी लिहिलेलं आहे. जुन्या लिफ्टच्या बाबतीत परवाना चालू हवा आणि निरीक्षकाने लिहून दिलेल्या त्रुटी दूर झालेल्या हव्यात. माणसं दगावतात ती मुख्यतः दरवाज्यात. मजल्यावर लिफ्ट नसताना बाहेरचा दरवाजा उघडला किंवा दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली, की घात होतो. म्हणून पहिला पैसा दरवाज्याच्या लॉकवर घाला. लॉकचा आकडा (दरवाजा अडकवणारा हूक) किमान ७ मिमी आत गेल्याशिवाय लिफ्ट सुरूच होता कामा नये. प्रत्येक मजल्यावर हे मोजून बघा, कारण बिजागरी झिजून दरवाजा खाली बसला की आकडा नेमका दोन-तीन मिमीवर येतो. मग लिफ्ट अधूनमधून बंद पडते, तक्रारी वाढतात आणि मेकॅनिक लॉकच्या सर्किटमध्ये वायरचा जंपर टाकून मोकळा होतो. तक्रार थांबते, पण लॉकचं संरक्षण गेलेलं असतं. सर्व्हिस झाल्यावर कंट्रोलर (लिफ्ट चालवणारी विद्युत पेटी) उघडायला लावून जंपर राहिलेला नाही, हे समितीने पाहिलंच पाहिजे.

उंबरठा:
सहमत नाही. जाळीचा दरवाजा ठेवून फक्त लॉक सुधारणं म्हणजे अर्धाच धोका काढणं. जाळीतून पोराचा हात बाहेर जातो आणि चालत्या केबिनमधून भिंतीला घासतो. त्याहून वाईट जोडी म्हणजे बाहेर लोटायचा दरवाजा आणि आत घडीचा. दोन्ही बंद केल्यावर मधल्या पोकळीत लहान मूल उभं राहू शकतं आणि लिफ्टला सगळं 'बंद' दिसतं. कसोटी सोपी आहे: दोन्ही दरवाजे बंद असताना १५० मिमी व्यासाचा चेंडू कुठल्याही फटीत मावता कामा नये. मावला तर लॉक कितीही उत्तम असो, ती लिफ्ट मुलांसाठी सुरक्षित नाही. सरळ स्वयंचलित दरवाजे बसवा, लाइट कर्टनसकट (मध्ये काही आलं की दरवाजा थांबवणारा किरणांचा पडदा).

पिट ते मशीनरूम:
चेंडूची कसोटी शंभर टक्के मान्य, ती माझ्या यादीत वर जायला हवी. पण स्वयंचलित दरवाजा जुन्या शाफ्टमध्ये बसतो का, ते आधी मोजा. दोन पानी टेलिस्कोपिक (पानं एकामागे एक सरकणाऱ्या) दरवाज्याला केबिनचा उंबरा, मजल्याचा उंबरा आणि मधली ३० मिमीची फट धरून सव्वादोनशे मिमीच्या आसपास खोली लागते. ती केबिनमधूनच कापली जाते. सहा माणसांची, म्हणजे ४०८ किलोची लिफ्ट चारवर, २७२ किलोवर येते आणि व्हीलचेअर आत वळत नाही. शाफ्ट अरुंद असेल तर बाहेरचा दरवाजा तसाच ठेवून आत घडीचा स्वयंचलित दरवाजा घ्या आणि मधली पोकळी बाहेरच्या दरवाज्याच्या आतल्या अंगाला पत्र्याची पेटी ठोकून भरा. चेंडू मावत नाही इतकी.

गिअरबॉक्स:
तुम्ही दोघेही दरवाज्यातच अडकलात. जुन्या गिअर मशीनचा ब्रेक कोण बघणार? लायनर (ब्रेकच्या घर्षणपट्ट्या) झिजले, ड्रमवर तेल आलं, की भरलेली केबिन मजल्यावरून खाली सरकते आणि रिकामी वर पळते, कारण काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन, तिच्याहून जड असतं. गव्हर्नर (वेग वाढला की ओळखणारा) आणि सेफ्टी गिअर (केबिन रुळांवर जखडणारा) जुन्या लिफ्टमध्ये खाली जाणारी केबिनच धरतात, वर जाणाऱ्या केबिनला काहीच अडवत नाही. यावर उपाय म्हणजे रोप ग्रिपर, म्हणजे दोर पकडून केबिन थांबवणारं साधन. तो जुन्या मशीनलाही बसतो.

दोरांचंही तेच. तीन-चार दोरांपैकी एक शीव्हच्या (दोर ज्यावरून जातात त्या चाकाच्या) खाचेत बाकीच्यांपेक्षा खोल बसलेला दिसला, तर खाच झिजली आहे. तशा शीव्हवर नवे दोर चढवले तर तेही लवकर खराब होतात आणि घसरतात ते वेगळंच. हे सगळं सुटं सुटं बदलत बसण्यापेक्षा मशीन, कंट्रोलर आणि दोर एकदम बदलणं शहाणपणाचं. व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र) आला की मजल्याला थांबण्यातला फरक १० मिमीच्या आत येतो. जुन्या सिंगल स्पीड मोटरला तो भारानुसार दोन-दोन इंच पडतो आणि म्हातारी माणसं तिथेच अडखळतात.

तळमजला:
खर्चाचं कुणी बोलेल का? लिफ्टची दुरुस्ती आणि वीज आदर्श उपविधींनुसार त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटली जाते, लिफ्ट वापरा वा न वापरा. तळमजल्यावाल्याने पाचव्या मजल्याइतकंच द्यायचं आणि वर स्टीलची केबिन, आरसा, डिजिटल पॅनेल यांचेही पैसे भरायचे?

सचिव:
आरसा-पॅनेल वगळा, हे अगदी बरोबर. कोटेशन मागतानाच दोन भाग करायला सांगा: सुरक्षेचे सुटे भाग वेगळे, सजावट वेगळी. दुरुस्तीवर समितीला स्वतःच्या अधिकारात सभासदसंख्येनुसार २५ हजार, ५० हजार किंवा १ लाखापर्यंतच खर्च करता येतो, त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निविदा. पण समान वाटणीचा नियम मला पटतो. पाण्याची टाकी, गच्ची, जिन्याचा दिवा यांचाही वापर कुणी मोजत नाही.

उंबरठा:
एआरडीचाही (बॅटरीवर चालणाऱ्या सुटका-यंत्रणेचाही) उल्लेख हवा. वीज गेली की ती केबिन जवळच्या मजल्यावर नेते खरी, पण लॉकचं सर्किट तुटलं असेल तर हलत नाही आणि हलायलाही नको. बॅटऱ्या मेल्या की नुसता डबा उरतो. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून बघा. त्याच वेळी केबिनमधला आपत्कालीन दिवा आणि इंटरकॉमही तपासून होतात.

पिट ते मशीनरूम:
गिअरबॉक्स, ब्रेकबद्दल तुमचं पटलं. रोप ग्रिपर दरवाज्यांसोबतच घ्यावा. मशीन मात्र शीव्ह आणि गिअरची झीज मोजल्याशिवाय बदलू नका आणि ते मोजमाप विक्रेत्याकडून करून घेऊ नका. मशीन, कंट्रोलर किंवा दरवाजे बदलायचे तर विद्युत निरीक्षकाची परवानगी काम सुरू होण्याआधी लागते आणि काम परवानाधारक ठेकेदारानेच करावं लागतं.

गिअरबॉक्स:
मोजमाप तिऱ्हाइताकडून, हे मान्य. त्या दिवशी १२५ टक्के भार टाकून ब्रेकची चाचणीही करा, म्हणजे सहा माणसांच्या लिफ्टला ५१० किलो. पन्नास किलोच्या दहा गोण्या आणि वर दहा किलो. केबिनमध्ये माणूस नको आणि प्रत्येक मजल्यावर दरवाज्यापाशी एकेक जण उभा हवा. पूर्ण वेगात खाली येताना वीज तोडल्यावर ब्रेक एकट्याने केबिन थांबवू शकला नाही, तर लिफ्ट त्याच क्षणी बंद ठेवायची, सभेची वाट न बघता.