अपघातात वाकलेल्या जुन्या राले सायकलचे पार्ट कुठं मिळतील? (पुणे)

पेठेतला_पक्या
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांची राले आहे, २८ इंची, दांडीचे ब्रेक, मागे तीन गिअरचा स्टर्मी आर्चर कंपनीचा हब (चाकाचा मधला भाग). गेल्या आठवड्यात एका रिक्षाने हात न दाखवता वळण घेतलं आणि मी सरळ तिच्यावर. माझं खरचटण्यावर भागलं पण सायकलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) मागे गेलाय, पुढच्या रिंगचा पापड झालाय, डावा क्रँक (पायडलचा दांडा) वाकलाय. मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाहीत, भंगारात घाला आणि नवी घ्या. हे वाक्य घरात आजीसमोर उच्चारायची सोय नाही. इंग्लंडहून मागवावं तर पार्टपेक्षा पोस्टेज जास्त. कुठं शोधू?

आटेवाला
पार्ट राहू द्या, आधी फ्रेम बघा. समोरून ठोकर बसली की चिमट्याबरोबर वरची आणि खालची नळी हँडलजवळ जिथं लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या बाहीत) शिरते ना, त्याच्या लगेच मागे मार बसतो. तिथं खालच्या बाजूने बोट फिरवा, रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर चिमटा बदलून काही होणार नाही. दुसरं म्हणजे दोरी लावा. मागच्या चाकाच्या खाचेतून एक दोरी पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटर फरक चालतो.
आणि हेडबॅजवर (हँडलखालच्या बिल्ल्यावर) काय लिहिलंय? नॉटिंगहॅम की आसनसोल?

पेठेतला_पक्या
बगळ्याचा बॅज आहे, खाली नॉटिंगहॅम इंग्लंड. हबवर एडब्ल्यू, ५६ आणि ३ असे आकडे आहेत. म्हणजे सायकल १९५६ ची का?

आटेवाला
हब मार्च १९५६ चा. सायकल त्याच्या आसपासची असेल, चाक मध्ये कुणी बदललं नसेल तर. आसनसोलचं विचारलं कारण तिथं सेन-रालेचा कारखाना होता, त्यामुळे आपल्याकडे राले लिहिलेली प्रत्येक सायकल इंग्लंडची नसते.
तुमची नॉटिंगहॅमची आहे म्हणजे खरी भानगड आट्यांची. राले स्वतःचे आटे पाडायची, इंचाला २६, आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्यांचे २४. चिमट्याच्या वरच्या नटालाही तेच आणि पायडलच्या मधल्या बीबीच्या (क्रँकचा आस फिरतो त्या भागाच्या) कपालाही तेच. २४ चा नट २६ वर एक-दोन फेरे जातो आणि मग अडकतो, तिथं दुकानदार मोठा पाना लावून म्हणतो बसतोय बसतोय, त्याला तिथंच थांबवा.

मिरजकर_डबलसीट
रिंगचं टेन्शन घेऊ नका हो. २८ × १½ म्हणजे आपली साधी दूधवाल्याची सायकल, टायर ट्यूब रिंग सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं. परदेशातले हौशी लोक याच मापाच्या टायरसाठी हिंडत असतात आणि आपल्याकडे ते खताच्या दुकानाशेजारी टांगलेले असतात 😄 फक्त भोकं मोजून घ्या, पुढं ३२ आणि मागं ४०. आणि रिंग दांडीच्या ब्रेकचीच मागा, त्यात रबर आतल्या बाजूने लागतं, साध्या ब्रेकची रिंग चालणार नाही. पुढचा हब शाबूत असेल तर तोच ठेवा, नवीन स्पोक भरून आऊट काढून (चाक डगमगणार नाही असं सरळ करून) घ्या.

घाटावरचा
चिमटा गॅसवर लाल करून सरळ करून घ्या की, आमच्याकडे सगळे तेच करतात, शे-दोनशेत काम.

आटेवाला
@घाटावरचा कॅरिअर असतं तर मीही हेच म्हटलं असतं. लाल होईपर्यंत तापवलं की आतल्या पितळी झाळेचा, म्हणजे नळ्यांच्या जोडाचा, भरवसा राहत नाही, आणि चिमटा मोडतो तेव्हा आधी सांगून मोडत नाही. नुसते खालचे पाय थोडे मागे गेले असतील तर जाणकार माणूस थंडच ओढून सरळ करतो, जुनं स्टील ते सहन करतं. पण वरची आटे असलेली नळी वाकली असेल तर तो चिमटा गेला.

शनिवार_कट्टा
मी तर सरळ म्हणेन की सुटे पार्ट शोधू नका, दुसरी मोडकी राले शोधा. जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी लवकर जा, सडलेल्या फ्रेमवर चांगला चिमटा असतो, किलोच्या भावाने मागायचा, राले शब्द तोंडातून काढायचा नाही, भाव लगेच दुप्पट. वाडे पाडतात तिथल्या भंगारवाल्यांनाही सांगून ठेवा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथं जाऊन तुमच्या मॉडेलचा चिमटा नीट कसा दिसतो ते बघून या म्हणजे बाजारात फसणार नाही.

पेठेतला_पक्या
सगळ्यांचे आभार. दोरी लावून बघितली, दोन्हीकडे जवळपास सारखं, लगमागे सुरकुती नाही. चिमट्याची वरची नळी मात्र वाकलेली दिसतेय. राले मिळालीच नाही तर हीरो-अ‍ॅटलसचा चिमटा चालेल का? आणि क्रँकचं काय करू?

आटेवाला
फ्रेम वाचली म्हणजे निम्मं काम झालं. दुसऱ्या कंपनीचा चिमटा चालू शकतो पण त्याचे कप, कोन (बेअरिंगचे भाग), नट सगळा सेट त्याच्याबरोबरचाच घ्या, तुमचा जुना नट त्यावर चढवू नका. कप फ्रेमच्या नळीत घट्ट बसतात का ते व्हर्निअर लावून बघा. जुना चिमटा सोबत न्या, वरच्या नळीची लांबी शेजारी ठेवून जुळवा. लांब असेल तर कापता येते, तेही आटे खालपर्यंत असतील तरच, आखूड असेल तर परत ठेवा. ब्रेकच्या दांड्या आणि घोडा (ब्रेकचं रबर धरणारा भाग) काढून घ्या, ते लागतील.
क्रँक कॉटर पिनवाला (पाचरीसारख्या पिनेने अडकवलेला) आहे ना? मग डावा क्रँक मिळेल, जुनी पिन खिशात टाकून जा, जाडी तीच घ्या आणि फाईल मारून बसवा. पायडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात.

शनिवार_कट्टा
या रविवारी मी जातोच आहे, लांबी इथं टाका, दिसला तर फोटो पाठवतो.

पेठेतला_पक्या
मोजून संध्याकाळी टाकतो. नळी वाकलीये तर बाहेरच्या कडेने मोजू का आतल्या?

आटेवाला
सुतळी लावा, मधोमध. आणि आटे किती लांब आहेत तेही लिहा.