खलनायक कंपनीला नेमके हवे तरी काय असते?

सेरीसकर

गेले वर्षभर मी एका विज्ञानकादंबरीवर काम करीत आहे. कथानक बाविसाव्या शतकातले असून ते सेरीस या बटुग्रहावर घडते. सेरीसचा व्यास जेमतेम ९४० किलोमीटर, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तीन टक्क्यांच्या आसपास, आणि पृष्ठभागाखाली बर्फ मुबलक. माझ्या कथेतली कंपनी हा बर्फ खणून त्यापासून यानांचे इंधन तयार करते आणि तिची चार हजार माणसे तिथल्या बोगद्यांत राहतात. पहिल्या खर्ड्यात कंपनीच्या अध्यक्षाने बोगद्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मुद्दाम वाढवून ठेवले होते, कारण त्याला मंद डोक्याची, सांगितले तेवढे ऐकणारी प्रजा हवी होती आणि तिच्या बळावर पुढे सगळी सूर्यमाला ताब्यात घ्यायची होती. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘मंद माणसांकडून बर्फ कमी निघेल. मग याला हे परवडते कसे?’

या एका ओळीपुढे माझा अध्यक्ष टिकला नाही. आता माझे मत असे झाले आहे की कंपनीला दुष्ट हेतू देणे हीच मुळात चूक आहे. तिमाहीचा आकडा गाठावा, ठरल्या तारखेला माल पोहोचावा, हातचे कंत्राट जाऊ नये, इतपतच कंपनीला हवे असते आणि अनर्थ घडायला तेवढे पुरते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा नळीच्या दुरुस्तीपायी जोडलेला नव्हता, आणि मुळात कारखानाच तोट्यात चालला होता. शहर मारण्याचा बेत तिथे कोणी आखला नव्हता. म्हणून नव्या खर्ड्यात माझी कंपनी फक्त एक गोष्ट करते: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या गाळण्या नव्वद दिवसांऐवजी एकशेवीस दिवसांनी बदलते. एवढ्यावर कादंबरी उभी राहील असे मला वाटते. आपल्याला काय वाटते?

हिशेबनीस

आपण योग्य वाटेवर आहात. मी तीस वर्षे कॉस्टिंगमध्ये, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबात, काढली आहेत, त्यामुळे आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाला कारखान्याच्या भाषेत उत्तर देतो. गाळण्यांवर वाचलेला पैसा देखभाल खात्याच्या नावावर जमा होतो आणि घटलेले उत्पादन उत्पादन खात्याच्या नावावर पडते. ही दोन खाती दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि दोघांचे बोनस वेगवेगळ्या रकान्यांवर ठरतात. देखभालवाला वर्षअखेरीस शाबासकी घेऊन जातो, तर उत्पादनवाला ‘मनुष्यबळाची कार्यक्षमता घटली’ असा शेरा लिहून जास्त माणसे मागतो. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारीशेजारी मांडणे हे कोणाचेच काम नसते.

दुसरी गोष्ट वटाव दराची, म्हणजे पुढे द्यायच्या पैशाची आजची किंमत काढताना धरायच्या दराची. समजा, या हवेमुळे कामगारांना आजार होणार आणि चाळीस वर्षांनी कंपनीला १ कोटी रुपये भरपाई द्यावी लागणार. दहा टक्के दराने त्या कोटीची आजची किंमत सुमारे २ लाख २१ हजार रुपये भरते. गाळण्यांवर दरवर्षी पाच लाख वाचत असतील, तर तक्त्यावर हा निर्णय फायद्याचाच दिसतो, आणि तक्ता करणारा रात्री शांत झोपतो. मागून धडक बसली की जिची इंधनाची टाकी फुटून पेट घेई, त्या फोर्डच्या पिंटो गाडीबद्दलचे टिपण प्रसिद्धच आहे: माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर, दुरुस्तीचा खर्च गाडीमागे अकरा डॉलर, आणि कंपनीने अकरा डॉलर वाचवले.

अक्षरशत्रू

दोघांशीही माझा मतभेद आहे, आणि तो केवळ कथालेखनाच्या चवीपुरता नाही. ‘कोणाचाच हेतू नव्हता, व्यवस्थाच तशी होती’ हा युक्तिवाद कंपन्यांच्या वकिलांना फार आवडतो. लेखकांनीही तोच उचलावा याचे मला आश्चर्य वाटते.

श्रीखंडात आपण जे जायफळ किसतो, त्याचा इतिहास पाहावा. सतराव्या शतकाच्या आरंभी जगाला जायफळ मिळे ते आजच्या इंडोनेशियातल्या बांदा या चिमुकल्या बेटांवरून. डच ईस्ट इंडिया कंपनीला तिथली मक्तेदारी हवी होती आणि बेटावरचे लोक इंग्रजांनाही माल विकत होते. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने बेटांवर स्वारी केली, चव्वेचाळीस प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार मारवले, आणि सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली हजारभर माणसे उरली असे इतिहासकार मानतात. हा गाळणी उशिरा बदलण्याचा प्रकार नव्हे. बारा वर्षांपूर्वी, १६०९ मध्ये, याच बेटांवर डचांचा सेनानी वाटाघाटीला गेला असता मारला गेला होता, आणि कून त्या मोहिमेत कनिष्ठ व्यापारी म्हणून हजर होता. त्याच्या मनात नफा किती होता आणि सूड किती होता, हे वेगळे काढता येत नाही, आणि माझ्या मते जिवंत पात्र नेमके तिथेच सापडते. संचालकांना त्याच्या क्रौर्याचे सोयरसुतक किती होते म्हणाल, तर १६२७ मध्ये तोच दुसऱ्यांदा गव्हर्नर जनरल म्हणून रुजू झाला.

आपल्या अध्यक्षाची चूक दुष्ट असण्यात नव्हती. त्याचे दुष्टपण कंपनीच्या धंद्याला धरून नव्हते, एवढेच त्याचे चुकले. त्याला हाकलून तिथे तक्ता बसवलात, तर चारशे पाने वाचक भांडणार कोणाशी?

तळटीप

पिंटोविषयी एक दुरुस्ती सुचवतो, कारण खरी हकीकत आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे. १९७३ चे ते टिपण पिंटोबद्दल नव्हते आणि मागून बसणाऱ्या धडकेबद्दलही नव्हते. गाडी उलटल्यावर इंधन सांडण्याविषयीचा नियम प्रस्तावित होता, त्याचा अमेरिकेतल्या सव्वा कोटी मोटारी आणि हलक्या ट्रकांवर मिळून किती खर्च येईल याचा तो हिशेब होता, आणि तो नियामक संस्थेपुढे मांडण्यासाठी केला होता. खर्च १३.७ कोटी डॉलर, फायदा ४.९५ कोटी डॉलर. त्यातला जिवामागे दोन लाख डॉलर हा आकडा फोर्डने मनाने बसवलेला नव्हता, तो त्या सरकारी संस्थेच्याच अभ्यासातून आलेला होता.

पिंटोच्या टाकीचा दोष यामुळे नाहीसा होत नाही. परंतु कादंबरीकाराच्या दृष्टीने पाहिले, तर जिवाची किंमत कंपनीने लपूनछपून ठरवण्यापेक्षा सरकारने ती छापून द्यावी आणि कंपनीने ती नम्रपणे तक्त्यात भरावी, हे चित्र कितीतरी अंगावर येणारे आहे.

हिशेबनीस

दुरुस्ती मान्य. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय लिहिली, हे माझ्या पेशाला शोभले नाही.

सेकंडशिफ्ट

मी लेखक नाही, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात देखभाल विभागात होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. तिथे एका रिअॅक्टरचा तापमानाचा सेन्सर बिघडला आणि विनाकारण ट्रिप देऊ लागला, म्हणजे रिअॅक्टर आपोआप बंद पाडू लागला. ट्रिप आली की बॅच वाया जाते. म्हणून पॅनेलमध्ये लाल वायरचा वीतभर तुकडा टाकून ती ट्रिप बायपास केली आणि वर पुठ्ठ्याचे कार्ड बांधले, ‘तात्पुरते’. खाली तारीख आणि सही. मी बदली होऊन त्या विभागात गेलो तेव्हा त्या तारखेला चौदा महिने झाले होते, कार्डावर तेलाचे बोट उमटले होते आणि सही करणारा नोकरी सोडून गेला होता. नवा सेन्सर स्टोअरमध्ये पडून होता. तो बसवायला शटडाऊन हवे होते आणि शटडाऊन मागण्याची वेळ कधीच बरोबर नसे.

आता यातला खलनायक कोण, हे मला आजही सांगता येत नाही. मात्र अक्षरशत्रू यांचेही थोडे खरे आहे. मी स्वतः ते कार्ड पाहिले आणि पुढे गेलो, हे मला चांगले आठवते. तेव्हा ‘कोणालाच माहीत नव्हते’ असे मी म्हणणार नाही. माहीत सगळ्यांना होते.

दुर्बीण

चर्चा कंपनीच्या आतच फिरत आहे. मला बाहेरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: या कंपनीला कोणी अडवत का नाही? सेरीसवर दुसरी कंपनी का नाही, कामगार निघून का जात नाहीत, आणि सरकार कुठे आहे? १९६७ च्या बाह्य अवकाश करारातील सहाव्या कलमानुसार खासगी संस्थांच्या अवकाशातील कृत्यांची जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर येते, म्हणजे आपल्या कंपनीच्या मागे कागदावर तरी एक सरकार असणारच. त्या सरकारला काय हवे आहे हे ठरवल्याशिवाय कंपनीचा हेतू पटणार नाही.

बंगालचे उदाहरण घ्या. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिवाणी मिळाली, म्हणजे व्यापाऱ्याच्या हाती महसूल आला. १७६९-७० मध्ये भीषण दुष्काळ पडला, असंख्य माणसे मेली. तरीही १७७१ ची निव्वळ वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षा जास्त झाली, असे बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने स्वतः १७७२ मध्ये संचालकांना कळवले. आणि त्याच वर्षी कंपनी लंडनमध्ये सरकारच्या दारात कर्ज मागत उभी होती! वसुली विक्रमी आणि तिजोरी रिकामी, कारण भागधारकांना लाभांश वाढवून हवा होता, सैन्याचा खर्च फुगला होता, आणि कंपनीचे नोकर स्वतःच्या खासगी व्यापारावर गबर होत होते. म्हणजे ‘कंपनीचा हेतू’ असा एकवचनी हेतू तिथे नव्हताच. लंडनच्या भागधारकाला लाभांश, मुर्शिदाबादच्या साहेबाला मायदेशी इस्टेट, पार्लमेंटला कर; आणि या सर्वांचे ओझे ज्याच्या डोक्यावर, त्या रयतेला या तिघांपैकी एकाचेही तोंड दिसत नव्हते.

सेरीसवरून पृथ्वीला संदेश पोहोचायला कधी कधी अर्धा तास लागेल. कलकत्त्याहून लंडनला पत्र जायला कित्येक महिने लागत. हे अंतर आपल्या कादंबरीत नुसती अडचण म्हणून वापरू नका. दोन्ही टोकांना ते सोयीचे असते.

अक्षरशत्रू

दुर्बीण यांचे म्हणणे माझ्याच बाजूचे आहे असे मी धरतो. एकवचनी हेतू नसेल, पण तीन अनेकवचनी लोभ आहेत आणि प्रत्येकाला नाव-गाव आहे. फोक्सवॅगनचे प्रकरण तर ताजे आहे. गाडी रस्त्यावर आहे की चाचणीच्या यंत्रावर, हे ओळखून चाचणीपुरते प्रदूषण कमी करणारी प्रणाली सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होती आणि ती २०१५ मध्ये उघडकीस आली. ती कोणाच्या तरी बोटांनी लिहिली, कोणीतरी तपासली, कोणीतरी मंजूर केली. तक्ता स्वतः प्रणाली लिहीत नाही.

पणती

दुष्ट हेतू म्हटला की भव्यच असला पाहिजे, असे दोन्ही बाजूंनी का गृहीत धरले आहे? १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणायचे ठरवले, नमुने तपासण्याची व्यवस्था केली आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड लावला. इथे उघड, लेखी, सर्वानुमते हेतू आहे, तो लबाडीचा आहे, आणि तरीही त्या बैठकांची इतिवृत्ते सोसायटीच्या सभेइतकीच कंटाळवाणी असणार. मला वाचायला आवडेल ती अशी कंपनी.

सेरीसकर

सर्वांचे म्हणणे दोनदा वाचले. माझे मूळ मत मी सोडलेले नाही, पण ते जसेच्या तसेही राहिलेले नाही. अध्यक्ष परत येणार नाही. हिशेबनीसांची दोन खाती आणि दुर्बीण यांचे सरकार मी उचलत आहे: कंपनीचा परवाना देणारे राष्ट्र इंधनाचा सर्वात मोठा ग्राहकही असेल, आणि बोगद्यातल्या हवेची कमाल मर्यादा तेच राष्ट्र ठरवेल. गाळण्या एकशेवीस दिवस वापरल्या तरी त्या मर्यादेत बसतील, अशी ती मर्यादा असेल. कंपनी एकही नियम मोडणार नाही.

राहिला अक्षरशत्रू यांचा प्रश्न, वाचक भांडणार कोणाशी. त्यासाठी सेकंडशिफ्ट यांच्या कार्डाला मी एक पात्र देत आहे. देखभाल विभागाची प्रमुख, वय पन्नाशीचे, स्वतः खाणीत उतरून वर आलेली. मुदतवाढीचा फॉर्म तिच्यासमोर येतो तेव्हा तिचे डोके सकाळपासून ठणकत असते. ती कपाळ चोळते, दिव्याचा उजेड कमी करते, आणि सही करते. डोके कशाने दुखते हे तिला माहीत असते.

अक्षरशत्रू

मग ती सही का करते, ते लिहा. वरच्याचा दबाव असे उत्तर दिलेत तर मी पुन्हा भांडायला येईन.

सेरीसकर

पृथ्वीवर परतण्यासाठी तिचे नाव पुढच्या यानाच्या यादीत आहे. विभागाची बचत अपुरी राहिली, तर तिला आणखी दोन वर्षे तिथेच थांबावे लागेल.

अक्षरशत्रू

हे चालेल. मात्र यादीत तिच्याखाली कोणाचे नाव आहे, तेही ठरवून ठेवा.