वॉरियर्सचं तिकीट काढायचंय, करी खेळेल की बसवतील?

हडसनपार
न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पुण्याहून भाचा येणार आहे, त्याला एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) वॉरियर्सच्या स्टीफन करीला एकदा प्रत्यक्ष खेळताना बघायचंय. त्याच्या येण्याच्या तारखा सामन्याप्रमाणे ठरवता येतील. तिकिटं स्वस्त नाहीत आणि ऐन वेळी "आज विश्रांती" म्हणाले तर पैसे परत मिळत नाहीत. तंदुरुस्त खेळाडूला बसवायला बंदी आहे ना? मग बसवतात कसे? वेळापत्रक बघून धोका आधी ओळखता येतो का? आणि मुळात या विश्रांतीने काही साधतं, की नुसतं फॅड आहे?

बेंचवरचा
सरसकट बंदी नाही. २०२३-२४ पासूनचं लीगचं धोरण फक्त 'स्टार' खेळाडूंना लागू आहे. स्टार म्हणजे गेल्या तीन मोसमांत कधीतरी ऑल-स्टार सामन्यासाठी किंवा ऑल-एनबीए (मोसमातले सर्वोत्तम खेळाडू) संघात निवड झालेला. असे दोन स्टार एकाच सामन्याला बसवायचे नाहीत. राष्ट्रीय चॅनलवरचे आणि एनबीए कपचे (मोसमातच होणारी स्पर्धा) सामने चुकवायचे नाहीत. एकेका सामन्याची सुट्टी घरच्या आणि बाहेरच्या मैदानांत वाटून द्यायची, शक्यतो घरच्या. आणि बसवलाच तर तो प्रेक्षकांना बेंचवर दिसला पाहिजे. दंड पहिल्यांदा १ लाख डॉलर, दुसऱ्यांदा अडीच लाख, पुढे दर वेळी आधीच्यापेक्षा १० लाख जास्त.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे सवलत. मोसमाच्या पहिल्या दिवशी वय ३५ पूर्ण असेल, किंवा कारकिर्दीत नियमित मोसमाची ३४,००० मिनिटं झाली असतील, किंवा प्लेऑफ (नियमित मोसमानंतरची बाद फेरी) धरून १,००० सामने झाले असतील, तर बॅक-टू-बॅकमधला (लागोपाठच्या दोन रात्रींचे सामने) एक सामना त्याला सोडता येतो. संघाने किमान आठवडाभर आधी लीगला लेखी कळवून मंजुरी घ्यायची. करी मार्च १९८८चा. म्हणजे लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एक रात्र त्याला बसवणं पूर्ण नियमात बसतं.

आणि कागदावर हल्ली 'विश्रांती' क्वचितच लिहितात. 'गुडघा, इंज्युरी मॅनेजमेंट' (दुखापत सांभाळणं) असं लिहितात. जानेवारीत कुठल्या खेळाडूचा गुडघा दुखत नाही? शंका आली तर लीग स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणी करवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्टिक्सविरुद्धच्या कप सामन्यात ट्रे यंगला बसवल्याबद्दल हॉक्सना, आणि मार्च २०२५ मध्ये मार्कानेनबद्दल जॅझना असाच प्रत्येकी १ लाखाचा दंड झाला. जॅझ तेव्हा तळाला होते (तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना आधीचा नंबर मिळण्याची संधी जास्त), त्यामुळे ते प्रकरण विश्रांतीपेक्षा हरण्याच्या सोयीचं जास्त वाटलं, पण नियम तोच लागला.

फिजिओ_ठाणे
विश्रांतीने काही साधतं का, या प्रश्नाबद्दल. सामना साडेसातचा असला तर संपायला दहा वाजतात. मग बर्फ, मसाज, जेवण, विमान. पुढच्या शहरात हॉटेलची खोली गाठेपर्यंत रात्रीचे दोन-तीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत सामना. स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा पूर्ण भरायला भरपूर कर्बोदकं खाऊनही साधारण २४ तास लागतात. कंडरांचं गणित आणखी वाईट. मोठा भार पडल्यावर पहिला एक-दीड दिवस त्यांत कोलॅजन (त्यांचं मुख्य प्रथिन) बनण्यापेक्षा मोडतं जास्त. म्हणून पटेलर (गुडघ्याच्या) आणि अकिलीस (टाचेच्या) कंडरांचा जुना त्रास असलेल्यांना लागोपाठच्या रात्री सगळ्यात जास्त जाचतात.

संघ हे मोजतात कसं? सामन्यात अंगावर सेन्सर लावायला परवानगी नाही, त्यामुळे धावणं, वेग, अचानक थांबणं हे कॅमेऱ्यांतून घेतात. सकाळी फोर्स प्लेटवर (पायांचा जोर मोजणारी पाटी) उभी उडी मारायला लावतात. उंची नेहमीएवढी आली पण जमीन सोडायला वेळ जास्त लागला, तर थकवा लपवून उडी मारली असं समजायचं. नुसती उंची बघणारे इथेच फसतात. त्यावर खेळाडूचा स्वतःचा अंदाज: श्रम १० पैकी किती, गुणिले मिनिटं. ३८ मिनिटं आणि ८ श्रम म्हणजे ३०४. झोप आणि जुनी दुखापत हे त्याच्या शेजारी मांडायचं.

पण सामना बुडवणं हा शेवटचा उपाय असावा. त्याआधी ३६ची २८ मिनिटं करता येतात, सकाळचा शूटअराउंड (सामन्याच्या दिवशीचा हलका सराव) रद्द करता येतो, एका वेळी सलग खेळवायची मिनिटं कमी करता येतात. अख्खा सामना काढला की उलटाही घोळ होतो. समजा गेल्या चार आठवड्यांची सरासरी दर आठवड्याला ११० मिनिटं आहे. या आठवड्यात दोनच सामने, ७० मिनिटं. पुढच्या आठवड्यात चार सामने, प्रत्येकी ३६ म्हणजे १४४. एका आठवड्यात भार दुप्पट! सात दिवसांचा भार भागिले अठ्ठावीस दिवसांचा सरासरी भार या गुणोत्तरावर आता बरीच टीका होते आणि ती रास्त आहे, पण अशी एकदम चढ कुठल्याही फिजिओला नकोच असते.

सहावा_माणूस
हे सगळं ठीक, पण आकडे साथ देत नाहीत. लीगने जानेवारी २०२४ मध्ये संघांना अहवाल पाठवला. सामने सोडलेल्या स्टार खेळाडूंना पुढे दुखापती कमी झाल्या असं त्यात दिसलं नाही, आणि बॅक-टू-बॅकच्या आसपास दुखापती वाढतात असंही नाही. कवाय लेनर्डचं उदाहरण सगळे देतात: २०१८-१९ मध्ये ८२ पैकी ६० सामने, लागोपाठच्या दोन्ही रात्री एकदाही नाही, आणि रॅप्टर्सना विजेतेपद. पुढचं कोणी सांगत नाही. २०२१च्या प्लेऑफमध्ये त्याच्या गुडघ्यातला एसीएल (अस्थिबंध) गेला आणि २०२१-२२चा अख्खा मोसम बुडाला.

फिजिओ_ठाणे
@सहावा_माणूस, अहवालाचा निष्कर्ष मान्य, पण ज्यांना बसवतात ते मुळातच कुरकुरत्या गुडघ्यांचे असतात. त्यांची दुखापत धडधाकट खेळाडूंइतकीच राहिली, तर ते यश की अपयश, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. त्याच अहवालात ही मर्यादा मान्य केली आहे. कवायच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर. विश्रांतीने झीज लांबते, एसीएलला विमा मिळत नाही.

सहावा_माणूस
मग ६५ सामन्यांच्या नियमाचं काय? एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), ऑल-एनबीएसाठी ६५ सामने हवेत, आणि किमान २० मिनिटं खेळला तरच सामना धरतात (दोन सामने १५ ते २० मिनिटांचे चालतात). म्हणजे फार तर १७ चुकवता येतात. २०२३-२४ मध्ये पेसर्सचा हॅलिबर्टन हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीतून परतला तेव्हा त्याच्या मिनिटांवर मर्यादा होती, आणि ऑल-एनबीए निवडीवर त्याच्या कराराचे सुमारे ४ कोटी डॉलर अवलंबून होते. नियम बसणाऱ्यांना रोखायला केला, जाच झाला तो खरोखर दुखावलेल्यांना.

टाइमटेबलवाला
मंडळी, त्यांना तिकीट काढायचंय :)

हडसनपार, वॉरियर्स पश्चिम गटातले, आणि पूर्व-पश्चिम गटांतले संघ वर्षात दोनदाच भेटतात, एक सामना इकडे, एक तिकडे. पण तुमच्या टप्प्यात तीन मैदानं आहेत: न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ब्रुकलिन, फिलाडेल्फिया. तिन्ही तारखा लिहून घ्या आणि प्रत्येकीच्या आदल्या-पुढल्या दिवशी वॉरियर्स कुठे आहेत ते बघा. बॅक-टू-बॅकमधली तारीख पहिल्या फटक्यात खोडा, पहिली रात्र असली तरी. दोनपैकी कुठली सोडायची ते संघ ठरवतो. उरलेल्यांत राष्ट्रीय चॅनलवरचा सामना पहिला धरा. बाहेरच्या दौऱ्याचा पहिला-दुसरा सामना शेवटच्यापेक्षा बरा. २०१२ मध्ये स्पर्सचा प्रशिक्षक पोपोविचने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीनला मायामीहून परस्पर घरी पाठवलं, तो सलग सहावा बाहेरचा सामना होता आणि पाच रात्रींतला चौथा. दंड अडीच लाख डॉलर. (उरलेले पोरगे फक्त ५ गुणांनी हरले, ते वेगळं.) पाच रात्रींत चार सामने २०१७-१८ पासून वेळापत्रकातून गेले, चार रात्रींत तीन अजून असतात.

मार्चच्या शेवटापासून पुढचं काही घेऊ नका. क्रमवारीत जागा नक्की झाली की कोणीही बसतं.

हडसनपार
सगळ्यांचे आभार. तीनपैकी एकच तारीख उरतेय, तीही राष्ट्रीय चॅनलवर नाही. आत्ताच काढू की थांबू?

टाइमटेबलवाला
थांबा. इंज्युरी रिपोर्ट (कोण खेळणार नाही याची संघाने दिलेली यादी) सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेप्रमाणे संध्याकाळी ५ पर्यंत द्यावा लागतो. बॅक-टू-बॅकच्या दुसऱ्या रात्रीचा त्याच दिवशी दुपारी १ पर्यंत. लीगच्या साइटवर बघा, तो दिवसभर बदलत राहतो. करीचं नावच नसेल किंवा पुढे 'प्रॉबेबल' (बहुधा खेळेल) असेल तर रीसेलवरून (लोक परत विकतात ती तिकिटं) लगेच घ्या. 'क्वेश्चनेबल' म्हणजे लीगच्याच व्याख्येने निम्मी शक्यता, तेव्हा सामन्याआधीचा मैदानावरचा सराव सुरू होईपर्यंत हात आखडता ठेवा. 'आउट' आलं की भाव पडतात, आणि भाच्याला बाकीचा संघ चालणार असेल तर तेव्हा मैदानाजवळच्या खालच्या रांगेतल्या जागाही परवडतात.