मदत हवी आहे: भूकंपाच्या पाठाचा एआय व्हिडिओ आणि चाचणी, दोन्ही फसतंय

खडूफळा_औसा
नववी भूगोल, ‘अंतर्गत हालचाली’. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचं उदाहरण घेऊन चार मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यावर दहा गुणांची चाचणी करायची आहे. मुलं ४२, त्यांच्याकडे फोन नाहीत, एक जुना टीव्ही, नेटचा भरवसा नाही. एआय व्हिडिओत टोलेजंग इमारती पाडतो, मराठी अक्षरं मोडकी येतात. यंत्राचा आवाज १९९३ ला ‘एक हजार नऊशे त्र्याण्णव’ म्हणतो. टीव्हीवर आवाज येतो, चित्र येईना. वर बहुपर्यायी प्रश्न मुलं पाठ न वाचताच सोडवायलेत.

मांजराकाठ
सर, व्हिडिओ जनरेटर बाजूला ठेवा. ‘भूकंप’ म्हटलं की त्याला काँक्रीटच सुचतं. किल्लारी-सास्तूरकडे पडली ती दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरं, तीही पहाटे ३.५६ ला, माणसं झोपेत असताना. पाठाचा जीव त्यात आहे. घराचा उभा छेद कागदावर काढा: दगडमातीची भिंत, लाकडी तुळया, वर मातीचा जड थर. फोटो काढून कॅनव्हात (चित्रं-अक्षरं जुळवायच्या अ‍ॅपमध्ये) घ्या.

एआयकडून चित्र घ्यायचंच तर ‘चित्रात एकही अक्षर नको’ असं बजावा. तो अक्षरं टाइप करत नाही, चितारतो, म्हणून जोडाक्षरं तुटतात. नावं नंतर कॅनव्हात ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये टाका.

व्हिडिओच्या संहितेसाठी पाठाचा मजकूर चॅटबॉटला द्या आणि सांगा: ‘फक्त यावरून ४०० शब्द लिही, बाहेरचं काही घालू नकोस.’ तरी दोन जागा तपासाच. किल्लारी भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्याच्या) कडेला दाखवलीय का? ती कड हिमालयाकडे. किल्लारी भूपट्टाच्या पोटात आहे. दुसरी जागा रिश्टरची. एक अंक वाढला की कंपनाचा आयाम (हेलकाव्याचा आकार) दहापट, पण ऊर्जा सुमारे ३२ पट. या दोन्हींची सरमिसळ होते.

यंत्राच्या आवाजासाठी आकडे अक्षरी लिहा: ‘एकोणीसशे त्र्याण्णव’, ‘सहा पूर्णांक दोन’. ‘जमीन’, ‘चाक’ यांतले ज-च हिंदी वळणाने वाजले तर मात्र लिहिण्यात बदल करून फार फरक पडत नाही. त्यापेक्षा आपला आवाज बरा. पंखा बंद, फोन वीतभर लांब आणि तोंडाच्या जरा बाजूला. नाहीतर ‘भूकंपा’तला भ आणि प फटफटतात.

तारजोडणी
आवाज आहे, चित्र नाही, म्हणजे बहुतेक फाइल एच.२६५ मध्ये आहे (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत, जुन्या टीव्हीला ती बहुधा वाचता येत नाही). हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ निवडा, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये हवा. फॉरमॅट करण्याआधी आतलं काढून घ्या. व्हॉट्सअॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते आणि नकाशावरची नावं पुसट होतात.

चाचणीवाली
एआयच्या प्रश्नांत बरोबर पर्याय बहुधा सगळ्यात लांब असतो. पोरं हुशार, दोन चाचण्यांत ओळखतात. सूचना अशी द्या: ‘चारही पर्याय सारख्या लांबीचे, “वरील सर्व” नको, चुकीचे पर्याय मी दिलेल्या गोंधळातूनच.’ आणि गोंधळ तुम्ही पुरवा: नाभी (जमिनीखाली भूकंप सुरू होतो ती जागा) आणि अपिकेंद्र (तिच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा) यांची अदलाबदल, रिश्टरचा आकडा म्हणजेच हानी असं समजणं. उत्तरांचा क्रम हाताने बदला.

फोन नसले तरी प्लिकर्स चालतं. मूल छापील कार्ड फिरवून ए-बी-सी-डी दाखवतं, तुमचा एक फोन टिपतो. ४० कार्डांचा संच तुम्हाला दोनने कमी पडेल, ६३ चा छापा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित झाला की कार्ड वाचलं जात नाही. सहा गुण याचे, चार गुण छेदाची आकृती आणि ‘हे घर का पडलं?’ या प्रश्नाला.

खडूफळा_औसा
मॅडम, त्या चार गुणांच्या उत्तरांचे फोटो एआयला देऊन तपासले तर?

चाचणीवाली
नको. घाईच्या अक्षरातले अनुस्वार, रफार चुकीचे वाचले जातात. ‘माळदाच्या वज्यानं भित्ती ढासळल्या’ हे उत्तर बरोबर आहे, पण पुस्तकी शब्द नाहीत म्हणून गुण कापले जाण्याचा धोका आहे. एआयकडून फक्त गुणदान तक्ता करून घ्या: वजनाला १, मातीच्या कमकुवत जोडणीला १, आकृतीला २. तपासणी तुमच्या हातची. मुलांची नावं कुठेच टाकू नका, प्लिकर्सवरही हजेरी क्रमांकच.

तारजोडणी
प्लिकर्सला फोनवर नेट लागतं. त्या तासाला रेंज नसेल तर कार्डं वर करायला लावून फळ्यावर मोजा.